तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करताना स्वतःला कसं सांभाळता? (वाळू, जमिनी, ठेकेदार वगैरे)

गोदाकाठ – मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच पत्रकार, माजी पत्रकार, डेस्कवाले (ऑफिसात बसून बातम्या तपासणारे) आहेत म्हणून धागा काढतोय. मी गोदावरीकाठच्या एका तालुक्यात एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी आहे. म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, मानधन पेट्रोलला पुरत नाही, वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती आणायच्या त्या वेगळ्याच, नेमणुकीचं पत्र नाही, ओळखपत्र आहे पण त्याची मुदत संपून गेलीये आणि नवीन "येतंय".

गेले काही महिने वाळूच्या बातम्या लावतोय. रात्री नदीत सक्शन पंप चालतात, पहाटे हायवा डंपर निघतात, पावती एका खेपेची आणि खेपा चार-पाच. नवीन काही नाही, गोदाकाठच्या कुठल्याही गावात विचारा. धमकी म्हणावी अशी कुणी दिली नाही. झालं एवढंच की मागच्या आठवड्यात रसवंतीवर उभा होतो, तिथे एक पोरगा आला, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होता, आता वाळूवाल्यांच्या गाड्यांवर असतो. म्हणाला, "दादा, वहिनी अजून त्याच शाळेवर आहेत का? स्कूटीवरच जातात ना?" बस, एवढंच. हसला, माझ्या रसाचे पैसे पण त्यानेच दिले आणि गेला.

आता याची तक्रार काय करणार? पोलीस म्हणतील विचारपूस केली त्याने. घरी सांगितलं नाहीये अजून. भाषणं नकोत प्लीज, तुम्ही लोक प्रत्यक्षात काय करता ते सांगा.

जुना_खिळा – बुधवार, सकाळी ७:०५

पहिलं काम, घरी सांग. आजच. ज्यांच्याबद्दल ते बोलले त्यांनाच माहीत नाही हे काही बरोबर नाही.

दुसरं. लोकांना वाटतं पत्रकाराला धोका म्हणजे दंगल, गोळीबार, नक्षल भाग. पत्रकार शशिकांत वारिसे कुठे गेले? राजापुरात, महामार्गावर पेट्रोल पंपाजवळ, भर दुपारी, दुचाकीवर. ६ फेब्रुवारी २०२३. ज्याच्याबद्दलची बातमी त्याच दिवशी छापून आली होती त्याच माणसाच्या गाडीने उडवलं आणि फरफटत नेलं, दुसऱ्या दिवशी ते वारले. आधी सौम्य कलमं लागली होती, राज्यभर पत्रकार रस्त्यावर आले तेव्हा खुनाचं कलम लागलं. रिफायनरीच्या जमिनींचा विषय ते सातत्याने लावून धरत होते. आम्ही तेव्हा आमच्या गावात मोर्चा काढला, निवेदन दिलं, फोटो काढले. मला तेव्हापासून एकच गोष्ट खटकते, हा विषय मुंबईच्या मोठ्या पेपरांत आधीपासून त्याच जोराने, त्याच नावांसकट येत असता तर एका माणसाला उडवून काय मिळणार होतं? बातमी थांबली नसती ना.

म्हणून माझं सरळ म्हणणं, बातमी वाटून टाक. तुझ्या तालुक्यात अजून चार पेपरांचे प्रतिनिधी असतील, त्यातले दोन तरी बरे असतील. त्यांना कागद दे, फोटो दे, एकाच दिवशी तिघांनी लावा. एक्सक्लुझिव्हचा मोह सोड. बायलाइन पण नको, "विशेष प्रतिनिधी" टाकायला सांग, नाहीतर जिल्ह्याच्या ब्युरोच्या नावाने जाऊदे. नाव मिरवायला आयुष्य पडलंय.

भीमथडी – बुधवार, सकाळी ९:२०

+१ जुना_खिळा.

वाळूचं म्हणशील तर आमच्याकडे भीमेला हेच चालतं. रात्री नदीवर जाऊन व्हिडिओ काढायचं डोक्यातून काढून टाक. त्यांची ती लोकेशनवाली पोरं असतात ना, चौकात पानटपरीवर बसून तहसीलदाराची गाडी निघाली की ग्रुपवर टाकणारी, त्या ग्रुपवर तुझ्या गाडीचा नंबर पण आहे हे धरूनच चाल. तू फाट्यावर वळलास की नदीवर कळलेलं असतं.

मी रात्रीचा जातच नाही. दिवसा गेलं तरी सगळं दिसतं, नदीकाठचे साठे, पात्रातले खड्डे, टायरच्या चाकोऱ्या, वजनकाट्यावर उभ्या गाड्या. खरी बातमी कागदात आहे. लिलाव कुठल्या घाटाचा झाला, किती ब्रास मंजूर होते, किती पावत्या फाटल्या, महसूलने किती पंचनामे केले आणि पकडलेल्या गाड्या किती दिवसात सुटल्या. हे सगळं गौण खनिज शाखेत मिळतं. व्हिडिओने गावात चर्चा होते, कागदाने वरच्या साहेबाला उत्तर द्यावं लागतं. आणि कागद घेऊन कोण आलं होतं हे नदीवरच्या पोरांना लगेच समजत नाही, क्लार्कला समजतं, ते वेगळं दुखणं आहे.

अजून एक, तहसीलदारांच्या गाडीत बसून धाडीला जाऊ नकोस. फुटेज मस्त मिळतं पण दुसऱ्या दिवशी गावभर हेच की टीप यानेच दिली.

काळा_कोट – बुधवार, दुपारी १:४५

वकिली करते, पत्रकारांच्या काही केसेस पाहिल्यात, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

महाराष्ट्रात पत्रकार संरक्षण कायदा आहे, २०१७ ला विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ मध्ये आला. हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. शिवाय नुकसानभरपाई आणि दवाखान्याचा खर्च आरोपीकडून. ऐकायला छान आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे तुम्ही पत्रकार आहात हे दाखवावं लागतं. कायद्यात कंत्राटी पत्रकारही येतात, पण कुठल्यातरी माध्यमसंस्थेशी तुमचं नातं कागदावर हवं. म्हणून ते "येतंय" ओळखपत्र आधी पदरात पाडून घ्या. तेही होत नसेल तर संपादकांकडून एक साधा ईमेल, की अमुक हे आमचे तालुका प्रतिनिधी आहेत. मार खाल्ल्यावर "ते आमच्या पे-रोलवर नाहीत" असं सांगणारी कार्यालयं मी पाहिली आहेत.

दुसरी अडचण म्हणजे काही ठाण्यांत हा कायदाच माहीत नसतो किंवा माहीत असून लावत नाहीत. साधी मारहाण, एनसी (अदखलपात्र नोंद), जा घरी. जाताना कायद्याची प्रत खिशात ठेवा, वाद न घालता टेबलावर ठेवायची.

तुमच्या रसवंतीच्या प्रसंगात आज तरी हा कायदा लागणार नाही. पण म्हणून गप्प बसू नका. एक अर्ज लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, तो जे बोलला ते शब्द जसेच्या तसे, तिथे कोण उभं होतं आणि त्याआधी कुठल्या तारखांना कुठल्या बातम्या आल्या. "वाळूमाफिया", "माझ्या जीवाला धोका" वगैरे अलंकार नकोत. दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने एसपींना पाठवा आणि ईमेल पण करा. ठाण्याने एफआयआर घेतला नाही तर एसपींकडे लेखी पाठवायची सोय नव्या बीएनएसएसमध्येही (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) आहे, कलम १७३. उद्या काही झालंच तर हा कागद सांगतो की हे अचानक झालेलं भांडण नाही, आधीपासून चाललंय. केस उभी राहते ती अशा कागदांवर.

सरळमार्गी – बुधवार, दुपारी ३:१०

राग येईल पण लिहितो. आमच्या तालुक्यात निम्मे पत्रकार स्वतःच हप्ता घेतात. ठेकेदाराने जाहिरात दिली नाही की रस्ता निकृष्ट, दिली की रस्ता चकाचक. गळ्यात कार्ड, गाडीवर प्रेस. मग लोक मारतात तेव्हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आठवतो.

जुना_खिळा – बुधवार, दुपारी ३:५५

राग कशाला, खरं आहे. आणि तुम्ही नकळत सुरक्षेचाच मुद्दा काढलात.

तालुका प्रतिनिधीला मारायची गरजच नसते बहुतेक वेळा, खंडणीचा गुन्हा टाकला की काम होतं. तो कसा टाकतात बघा. पेपर जाहिरातीचं टार्गेट देतो, गावात जाहिरात देण्याची ऐपत कुणाची? ठेकेदार, वाळूवाला, संस्थाचालक, बिल्डर. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याकडेच पावतीपुस्तक घेऊन जायचं. गेलास की तो फोन रेकॉर्ड करतो, "दहा हजार द्या साहेब पुरवणीला". बातमी पुढच्या महिन्यात आली की ते रेकॉर्डिंग पोलिसात. त्यात तू फक्त जाहिरात मागितलेली असते, पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं?

गोदाकाठ, तुझ्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे. ज्याच्यावर लिहितोस किंवा लिहिणार आहेस त्याच्याकडे जाहिरातीला जायचं नाही, टार्गेट बुडालं तर बुडालं. ऑफिसला ईमेलवर लिही की या या लोकांकडे मी जाणार नाही, जाहिरात विभागाने परस्पर बघावं. कुठलीही जाहिरात रोखीत नाही, थेट पेपरच्या खात्यावर. आणि "या की चहाला, बसून बोलू" अशी बोलावणी येतील, शेतावर, लॉजवर, धाब्यावर. जायचं नाही. बोलायचंच असेल तर भर बाजारात, सोबत दुसरा बातमीदार घेऊन. पाकीट टेबलावर ठेवून फोटो काढायला किती वेळ लागतो?

सरळमार्गी – बुधवार, दुपारी ४:३०

हे मान्य. काळा_कोट यांना एक प्रश्न, त्या कायद्याचा गैरवापर केला तर?

काळा_कोट – बुधवार, संध्याकाळी ६:००

खोटी तक्रार केली तर त्याच कायद्यात शिक्षा आहे. म्हणूनच म्हटलं अलंकार नकोत.

रायपूरकर – बुधवार, रात्री ९:१५

मी मूळचा नागपूरचा, बरीच वर्षं इकडे छत्तीसगडला. मुकेश चंद्राकर प्रकरण आठवत असेल. बीजापूरचा पोरगा, स्वतःचं यूट्यूब चॅनल "बस्तर जंक्शन", जंगलात जाऊन माओवाद्यांच्या ताब्यातल्या जवानाच्या सुटकेसाठी मध्यस्थी केलेला माणूस. त्याला जंगलात काही झालं नाही. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी झाली, १ जानेवारी २०२५ ला घरातून बाहेर पडला आणि ३ तारखेला ठेकेदाराच्या आवारात सेप्टिक टँकमध्ये मृतदेह सापडला, वरून नवीन काँक्रीट टाकलेलं. आरोपी परके नव्हते, नात्यातले, ओळखीतले.

इकडे सगळ्यांनी यातून घेतलं ते हे, अनोळखी माणसाला आपण सावध असतोच, बोलवणारा ओळखीचा असला की सांगून जात नाही. तुमच्या रसवंतीवर आलेला पण भावाच्या वर्गातलाच ना?

अबोली_२ – गुरुवार, सकाळी १०:३०

जिल्ह्याच्या ठिकाणी रिपोर्टिंग करते. मी काय करते ते लिहिते, क्रम नाही.

बातमीखाली माझा नंबर जात नाही, ऑफिसचा जातो. सोर्ससाठी वेगळं सिम आहे. एका बातमीनंतर माझा नंबर कुठल्यातरी घाणेरड्या ग्रुपवर टाकला होता, रात्रभर फोन, व्हिडिओ कॉल. नंबर बदलायचा सल्ला सगळ्यांनी दिला, मी तो चालू ठेवला पण फोन घरात ठेवून दिला, कारण आलेले मेसेज हाच पुरावा होता. स्क्रीनशॉट नंबर आणि वेळ दिसेल असे, वाचायला नणंद बसली, मी नाही. हे जमत असेल तर नक्की करा, स्वतः वाचत बसू नका.

बाहेरगावी जाताना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन ८ तासांचं, नणंदेला आणि डेस्कवर एकीला. किती वाजता फोन करणार ते ठरलेलं, नाही आला तर अर्ध्या तासाने ती करते, तरी नाही तर कुणाला फोन करायचा ते पण लिहून ठेवलंय. आणि एक वाक्य ठरलंय, मी फोनवर "आईची गोळी संपलीये" म्हटलं की समजायचं अडकलेय. सासूबाईंना हे माहीत नव्हतं, एकदा गप्पांत त्याच सहज तसं म्हणाल्या तर नणंद पोलिसांना फोन लावायला निघाली होती :)

सोबत कुणीतरी न्या हे सगळे सांगतात. २०१३ ला मुंबईत शक्ती मिलमध्ये फोटोजर्नलिस्टवर सामूहिक बलात्कार झाला तेव्हा तिच्यासोबत सहकारी होताच. सोबत असणं पुरत नाही, तुम्ही आत्ता कुठे आहात हे बाहेर कुणालातरी माहीत असावं लागतं.

गोदाकाठ, वहिनींच्या शाळेत मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, कुणी वेळापत्रक, सुट्टी, रजा असं विचारलं तर सांगायचं नाही आणि तुम्हाला कळवायचं. काही दिवस दुसऱ्या बाईंबरोबर जाणं-येणं. आणि फेसबुकवरचे मुलांचे युनिफॉर्ममधले फोटो काढा, शाळेचं नाव छापलेलं असतं त्यावर.

शेवटची_डेडलाइन – गुरुवार, दुपारी १२:५०

डेस्कची बाजू लिहिते कारण शिव्या आम्हालाच पडतात.

समोरच्याची बाजू घ्यायची असते, घ्यायलाच हवी, पण तो फोन तालुका प्रतिनिधीने का करायचा? आम्ही ऑफिसच्या नंबरवरून करतो, ईमेल पण टाकतो. याने दोन गोष्टी होतात, त्याला कळतं की बातमी आता ऑफिसात आहे, गावातल्या पोराला दाबून उपयोग नाही. आणि त्याच्या शिव्या आमच्याकडे रेकॉर्ड होतात. फोन मी बातमी जाणार त्याच दिवशी दुपारी करते, दोन दिवस आधी नाही. दोन दिवस दिले की आमदारांचा, मालकांचा, सासऱ्यांचा, सगळ्यांचे फोन येऊन जातात.

भीमथडी – गुरुवार, दुपारी १:३०

पण दुपारी फोन करून संध्याकाळी छापलं तर तो म्हणणार मला संधीच दिली नाही. अब्रूनुकसानीच्या नोटीशीत पहिलं वाक्य हेच असतं.

शेवटची_डेडलाइन – गुरुवार, दुपारी २:१०

कागदपत्रं किचकट असतील तर एक दिवस देतो, लेखी प्रश्न पाठवून. पण मग त्या दिवसात आमचा माणूस तालुक्यात नसतो, जिल्ह्याला बोलावून घेतो. बातमी आल्यावर पण एक-दोन दिवस तो परत जात नाही, लॉजचं बिल ऑफिस देतं. भांडून मिळवलंय हे, सगळीकडे नसतं माहितीये.

फोटोबद्दल, गावातून काढलेला असा फोटो छापत नाही ज्यावरून कुणाच्या गच्चीवरून काढलाय ते कळेल. बातमीदार सुटतो, गच्चीवाला मार खातो.

ट्रायपॉड – गुरुवार, रात्री १०:२०

कॅमेरामन. माझं बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, गर्दीचं. पोलीस आणि जमाव यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, कडेला, पाठीशी भिंत आणि बाजूला गल्ली. गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावायची, चावी खिशात, बॅगेत नाही. चप्पल नको, बूट. हेल्मेट तर आहेच ना गाडीचं, घाला की तेच, दगड ते बघत नाही कुठलं हेल्मेट आहे. अश्रुधुराची शक्यता असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स नको, डोळे चोळायचे नाहीत, वारा जिकडून येतोय त्या अंगाला जायचं, साध्या पाण्याने धुवायचे. बूमवर (माइकवर) चॅनलचा लोगो असतो तो काढून ठेवायचा, लोक आधी लोगो बघतात मग माणूस. जमाव म्हणाला डिलीट कर तर डिलीट करायचं, कार्डवरचं बऱ्याचदा परत मिळतं, फक्त त्या कार्डवर नंतर काही शूट करायचं नाही. कॅमेरा मागितला तर देऊन टाकायचा.

आणि पुरात कमरेभर पाण्यात उभं राहून लाइव्ह करणाऱ्यांना माझ्याकडून दंडवत. पाण्याखाली गटाराचं झाकण आहे का नाही ते कुणाला दिसतं? २०१९ ला सांगली-कोल्हापूरला हे इतकं बघितलं. मी रिपोर्टरला सांगतो, तू पुलावर उभा राहा, पाणी मी झूम करून दाखवतो.

बॅकअप_घेतलास_का – शुक्रवार, सकाळी ८:१५

फोनबद्दल कुणी लिहिलं नाही. थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावा. अंगठ्याचं लॉक बंद, सहा आकडी पिन, कारण अंगठा धरून लावता येतो. कॅमेऱ्याचं लोकेशन टॅगिंग बंद करा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर कुठे काढला ते आत तसंच जातं. सोर्सचं नाव "तलाठी आप्पा नदीवाले" असं सेव्ह करणारे महाभाग पाहिलेत. जे शूट केलंय ते तिथून निघायच्या आधी ऑफिसला गेलं पाहिजे, रेंज नसेल तर रेंज येईल तिथे पहिलं काम ते. पोलिसांनी फोन जप्त केला तर जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत मागा, बीएनएसएसमध्ये जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे, कलम १०५, ते केलं का विचारा, आणि हॅश व्हॅल्यू (आतल्या डेटाचा आकडी ठसा) लिहून घ्या, म्हणजे नंतर आत काही घातलं-काढलं तर कळतं.

गोदाकाठ – रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, काय काय केलं ते सांगतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली त्या पोराची आई तिच्या शाळेत खिचडी शिजवायला असते, तिला सगळं माहीत असतं, मलाच काय ते माहीत नव्हतं. मुख्याध्यापकांशी पण तीच बोलली.

अर्ज दिला. ठाणे अंमलदार म्हणाले यात गुन्हा काय, मी म्हटलं गुन्हा नका घेऊ, आवक घ्या. बराच वेळ बसवलं, मग शिक्का दिला. एसपींना स्पीड पोस्ट गेलं. दुसऱ्याच दिवशी त्या पोराने लांबून नमस्कार केला, म्हणजे अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली, ठाण्यातून किती वेळात पोचली ते तुम्हीच समजा.

पुढची बातमी तिघांनी मिळून लावायचं ठरलंय, एकजण आधी तयार नव्हता कारण त्याच्या पेपरला त्यांचीच पान एकची जाहिरात असते. तो म्हणाला मी छापणार नाही पण कागद काढून देतो. तेही चालेल. कागदांसाठी माहिती अधिकार टाकावा म्हणतो पण अर्जावर नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो समोर पोचायला वेळ लागत नाही, त्याचं काय करावं?

काळा_कोट – रविवार, रात्री १०:४०

पूर्ण पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर दिला तर चालतो, कलकत्ता हायकोर्टाने २०१३ मध्ये तसं सांगितलंय आणि केंद्राने ते कार्यालयांना कळवलंही होतं. पण तालुक्यात पोस्ट बॉक्स घेतलात तर पोस्टातल्यांना माहीत पडणारच. त्यापेक्षा जिल्ह्याबाहेरच्या कुणीतरी टाकावा, माहिती कुणाही नागरिकाला मागता येते आणि कारण सांगावं लागत नाही. आमच्याकडे एक पुण्याचे निवृत्त गृहस्थ हौसेने टाकतात सगळ्यांसाठी. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा २०१० मध्ये खून झाला ते आठवत असेल, तेव्हा ज्या गावात विषय आहे त्या गावातल्या माणसाचं नाव अर्जावर नको.

भीमथडी – रविवार, रात्री ११:०५

गोदाकाठ, काय काय मागायचं त्याचा मसुदा मला व्यनि (खाजगी निरोप) कर. एकमेकांच्या नावाने अर्ज टाकायची भानगड नको, मी माझ्याच नावाने तुझ्या जिल्ह्यात टाकतो. तूही आमच्या घाटांचा टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायला विसरू नकोस, त्यावरून परत पाठवतात.